पाणी परत आलेलं जंगल : लाइपझिग ते लोडेरित्स, दोन दिवस

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, रोझेनटालच्या पायवाटेला लागून पाच मिनिटंही झाली नसतील. बाबा थांबले, नाकाने दोन-तीनदा हवा ओढली आणि म्हणाले, "कुणाकडे लसणाची फोडणी पडलीय गं?" आजूबाजूला घर नव्हतं. ओक, मेपल आणि हॉर्नबीमची पालवीसुद्धा न फुटलेली झाडं होती, आणि त्यांच्या खाली जिथवर नजर जाईल तिथवर हळदीच्या पानासारखी, पण वीतभर उंचीची हिरवीगार पानं. मी एक पान वाकून त्यांच्या नाकाशी धरलं. बेअरलाउख, म्हणजे इथला रानलसूण. बाबांनी आयुष्यात पाहिलेलं हे पहिलं युरोपीय जंगल, आणि त्याची पहिली ओळख पटली ती स्वयंपाकघरातून.

बाबा सांगलीचे. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालेले. एप्रिल २०२४ मध्ये ते महिनाभर माझ्याकडे बर्लिनला आले, तेव्हा मी विचारलं, काय दाखवू? राजवाडे नकोत म्हणाले. "नदी दाखव. इथले लोक पुराचं काय करतात ते बघू." तेव्हा ठरवलं, दोन दिवस, दोन जंगलं. पहिलं लाइपझिग शहराच्या मधोमध पसरलेलं आऊवाल्ड, म्हणजे नदीच्या पूरमैदानातलं जंगल, जिथे पूर यायचा थांबला आहे. दुसरं तिथून उत्तरेला, एल्बे नदीच्या काठचं लोडेरित्सचं जंगल, जिथे पूर मुद्दाम परत आणला आहे. दोन्हीकडचं मुख्य झाड एकच, ओक. हा शब्द आपल्याला आडनाव म्हणून जास्त ओळखीचा, पण या दोन दिवसांत मला त्या झाडाचा स्वभाव कळला. तोच इथे सांगायचा आहे, आणि पाठोपाठ जाणाऱ्यांसाठी वाटेतल्या खाचाखोचाही.

आधी वेळ. एप्रिलचा दुसरा आठवडा ते मेचा पहिला आठवडा, याच्या बाहेर जाऊ नका. ओकला पालवी उशिरा फुटते. तोवर जमिनीवर ऊन पोचतं आणि त्या महिना-दीड महिन्यात खालची सगळी फुलं आपलं वर्षाचं काम उरकून घेतात. पांढरी अॅनिमोनी, जांभळा-पांढरा लेर्खेनश्पोर्न, आणि शेवटी रानलसणाची चांदण्यांसारखी फुलं. मेअखेर वर छत मिटलं की खाली अंधार, डास आणि खाजरी झुडपं उरतात.

रानलसूण खुडायचा मोह होईल. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बुर्गआऊएसारख्या राखीव भागांत पान तोडायला मनाई आहे. बाहेर मूठभर, घरापुरतं घेता येतं. दोन, याच्यासारखी दिसणारी दोन झाडं विषारी आहेत : माइग्ल्योकखेन आणि हेर्ब्स्टत्साइटलोझ. दुसरं तर जीवघेणं आहे. पान चुरगळून वास घ्या हा सल्ला सगळे देतात, पण एकदा बोटांना लसणाचा वास लागला की पुढच्या प्रत्येक पानाला तोच येतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने खुडूच नये. हंगामात तो बाजारात जुडीने मिळतो. आम्ही तो विकत घेऊन त्याची पीठ पेरून भाजी केली; कांद्याच्या पातीच्या पिठल्याची आठवण झाली.

लाइपझिगच्या मुख्य स्टेशनवरून प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूने चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत रोझेनटाल. तिथे हिरवळीच्या कडेने संग्रहालयाचं मोकळं कुंपण आहे, तिकीट न काढता जिराफ दिसतात. पुढे एका टेकाडावर २० मीटरचा लोखंडी मनोरा आहे. टेकाड मुळात शहराच्या कचऱ्याचं. वाऱ्यात मनोरा हलतो, त्याला लोक डुलता मनोराच म्हणतात. गुडघे साथ देत असतील तर जरूर चढा, कारण वरूनच हे जंगल कसं आहे ते समजतं : शहराच्या पोटातून उत्तर-दक्षिण गेलेली झाडांची रुंद पट्टी. व्हाइसे एल्स्टर, प्लायसे, लुप्पे या नद्या इथे जाळ्यासारख्या पसरायच्या, आणि ती पट्टी म्हणजे त्यांची पूररेषा. बाबा वर जाऊन बराच वेळ गप्प उभे होते. खाली आल्यावर म्हणाले, "निळी पूररेषा झाडांनी आखून ठेवलीय."

तिथून नदीच्या कडेने वायव्येला चालत बुर्गआऊए आणि पुढे वारेनपर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटर होतात. वाट सपाट आहे, पण पावसानंतर चिकणमातीने बूट जड होतात. ही माती बघण्यासारखी. मध्ययुगात वरच्या अंगाला डोंगरउतारांवरची जंगलं तोडून शेती झाली, तिथली माती वाहून आली आणि पूरमैदानावर थर बसले. म्हणजे आपण ज्याला पोयटा म्हणतो, तोच. रानलसूण, ओक, सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता ओकविषयी. इथला ओक म्हणजे श्टीलआयखे. श्टील म्हणजे देठ. मागच्या वर्षीचं एक फळ बाबांनी पानांखालून शोधून काढलं, टोपीसकट, आणि त्याला खरंच बोटाएवढा लांब देठ होता, बोरूच्या काडीसारखा. पानाला मात्र देठ जवळपास नसतोच. या झाडाला मुळांशी पाणी साचलेलं कित्येक आठवडे चालतं. सायकामोर मेपलला चालत नाही. फार दिवस पाण्यात राहिलं तर त्याची रोपं मरतात. सगळा खेळ एवढ्यावर आहे. दर वसंतात पूर यायचा, तोवर मेपल आपोआप मागे राहायचं आणि ओकला जागा मिळायची. १९३० च्या दशकात नॉये लुप्पे नावाचा सरळ, खोल कालवा खोदला. पुराचं पाणी शहराला वळसा घालून निघून जायला लागलं. कालव्याचं पात्र खोल, त्यामुळे आजूबाजूचं भूजलही तो ओढून घेतो. जंगल तसंच उभं राहिलं, पण त्याच्या पायाखालचं पाणी गेलं. मग मेपल आत शिरलं.

नॉये लुप्पेच्या काठावर बाबांनी कालवा बघून पहिलं वाक्य काढलं ते असं : "आखणी चोख आहे." त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी. मग मागे वळून झाडांकडे बघत राहिले.

मेपलच्या सावलीत ओकचं रोप जगत नाही, त्याला ऊन लागतं. हे मी वाचलं होतं. बुर्गआऊएत एका दोन-अडीचशे वर्षांच्या ओकखाली उभं राहून आम्ही दोघांनी खाली बसून शोधलं. दहा पावलांच्या वर्तुळात मेपलची रोपं मी पन्नासपर्यंत मोजून सोडून दिली, अॅशची दोन-चार होती, ओकचं एकही नव्हतं. वर एवढं थोरलं झाड, शेकडो वर्षं फळं टाकतंय, आणि पायाशी त्याचं एक लेकरू नाही. या जंगलावर इतके वाद का होतात ते मला त्या वर्तुळात बसल्यावर कळलं.

कारण ओकची जुनी पिढी आली ती माणसाच्या हाताने. सुमारे १८७० पर्यंत इथे जी पद्धत होती तिला मिटेलवाल्ड म्हणत. खालची हॉर्नबीम, लिंडेन, हेझेल ही झाडं ठरावीक वर्षांनी जळणासाठी बुंध्यापासून तोडायची. खुंटाला फुटवे यायचे, ते वाढले की पुन्हा तोडायचे. वरचे ओक मात्र राखायचे, इमारती लाकडासाठी आणि डुकरांना फळं चरायला. आपल्याकडे कोकणात राबासाठी ऐनाची कवळ तोडतात, झाड ठेवून फक्त फांद्या घेतात, तीच समज. त्या तोडीमुळे जमिनीवर ऊन पोचायचं आणि ओकची रोपं उभी राहायची. म्हणजे पूर आणि कुऱ्हाड, दोघांनी मिळून हे जंगल घडवलं. दोन्ही थांबले.

त्यावर रोगांची भर. एल्मची मोठी झाडं बुरशीच्या रोगाने पूर्वीच गेली. १९९२ मध्ये पोलंडात पहिल्यांदा नोंदलेली अॅशची मर इथे पोचली. ती बुरशी मूळची पूर्व आशियातली. २०१८ आणि २०१९ ही लागोपाठ दोन कोरडी वर्षं आली आणि पाणी आटलेल्या मेपलांना काजळीसारखा साल सोडणारा रोग लागला. वाटेत काळी भुकटी पांघरलेले बुंधे दिसतील. त्यांना हात लावू नका, दम्याचा त्रास असेल तर कोरड्या दिवशी जवळही थांबू नका, ती बुरशीची बीजं छातीला बाधतात. आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी या जंगलात जाऊच नका. वाळलेली अॅश मुळांतून कुजलेली असते, आवाज न करता पडते. आम्ही गेलो तेव्हा दोन वाटा याच कारणाने बंद होत्या. बंदीची पट्टी ओलांडून जाणारे लोक दिसले, आम्ही वळसा घातला.

आता मधे मधे जाळीचं कुंपण घातलेले मोकळे चौक लागतात. वनखात्याने मोठी झाडं काढून छताला भोकं पाडली आणि तिथे ओकची रोपं लावली. आत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत उंचीचे ओक दाटीने उभे होते; जाळी हरणांसाठी. यावर शहरात कडाक्याचा वाद आहे. एका बाजूचं म्हणणं, ओक हवा तर ऊन द्यावंच लागेल, ओकवर जगणारे शेकडो जातींचे किडे आणि मधल्या आकाराचा ठिपकेवाला सुतारपक्षी त्याच्यावरच टिकणार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जुनी झाडं कापून जंगल वाचत नाही, ढोली आणि वाळकी लाकडं राहू द्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि जून २०२० मध्ये बाउट्झेनच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं, युरोपीय कायद्याने राखलेल्या जंगलात अशी तोड करायची तर आधी परिणामांची तपासणी करा आणि निसर्गसंस्थांना त्यात सामील करा.

मला दोन्ही बाजूंचं कळतं, पण माझं मत लपवत नाही. कोर्टाने योग्य केलं, आणि तरीही जाळीतला ओक मला चुकीचा वाटला नाही. चुकीचं हे, की जाळीच्या आत ऊन आलं पण पाणी आलं नाही. वीस वर्षांनी जाळी काढली की त्या ओकांच्या खाली पुन्हा मेपलच उगवणार. पाणी आधी, करवत नंतर. हा क्रम उलटा झाला की प्रत्येक पिढीला तेच काम पुन्हा करावं लागेल.

पाणी आणण्याचे प्रयत्न इथेही आहेत. शहराच्या दक्षिणेला पाउसनित्स नावाच्या ओढ्याकाठी १९९३ पासून वसंतात थोड्या भागात मुद्दाम पाणी सोडतात. (नाव ऐकून बाबांचा चेहरा खुलला.) तिथे मेपलची रोपं मागे हटली. वायव्येला जुन्या, बुजलेल्या प्रवाहांना जिवंत करण्याचा 'लेबेंडिगे लुप्पे', म्हणजे जिवंत लुप्पे, हा प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. आणि बुर्गआऊएच्या तोंडाशी नदीच्या बांधात दरवाजे आहेत. त्या नदीचं नाव नाले. जानेवारी २०११ आणि जून २०१३ च्या मोठ्या पुरांत ते दरवाजे उघडले, तेव्हा जंगलात पाणी आलं. शहर वाचवायला उघडले होते, पण भिजलं जंगल. बाबांनी त्या दरवाज्यांचं निरीक्षण करण्यात पाऊण तास घालवला. तुमच्याबरोबर असा माणूस असेल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.

बुर्गआऊएत झाडांच्या वर एक बांधकामाची क्रेन दिसते. ती चुकून राहिलेली नाही. २००१ पासून शास्त्रज्ञ तिच्या पाळण्यातून झाडांच्या शेंड्यांवर काम करतात : पानं, किडे, वटवाघळं. रुळावर पुढे-मागे सरकते. आत जायला परवानगी लागते, पण कुंपणाबाहेरून ती सहज दिसते. ओकचं जग वरच्या उन्हात आहे, हे खालून चालताना विसरायला होतं.

दमलात तर आऊएनझेच्या तळ्याकाठी बसा. मुख्य स्टेशन बांधताना खडी काढली तो हा खड्डा. तिथून वारेनला येऊन ट्राम पकडली की शहरात. अजून पाय चालत असतील तर ११ नंबरची ट्राम ल्युट्शेनाला जाते, तिथे वाड्याच्या बागेत आऊवाल्डश्टात्सिओन हे माहितीकेंद्र आहे. उघडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी पाहा. १६ एप्रिलला शहरात आऊवाल्डचा दिवस पाळतात. त्या सुमारास गेलात तर जाणत्या लोकांबरोबरच्या मोफत फेऱ्या मिळू शकतात. आम्हाला अशाच एका फेरीत निम्मी माहिती मिळाली. घेऊन जाणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, प्रत्येक झाडाला टपली मारून पुढे जायच्या.

रात्री खोलीवर आल्यावर गोचिडी तपासा. हे मी विनंतीने सांगतेय. पायमोजे पँटवर चढवून चालायचं, हलक्या रंगाचे कपडे, आणि रात्री गुडघ्याची मागची बाजू, काखा, कमरेचा पट्टा बघायचा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. नंतरच्या आठवड्यांत लाल गोल चकती उठली तर डॉक्टर. बाबांच्या पोटरीवर एक सापडली. मी काढली, आणि पुढचे तीन आठवडे रोज ती जागा बघत होते. काही झालं नाही.

दुसरा दिवस. लाइपझिगहून लोकल गाडीने तासाभरात डेसाउ. तेव्हा देशभराच्या लोकल गाड्यांचं महिन्याचं तिकीट ४९ युरोंना होतं, नंतर ते महागलं आहे. भारतातून महिन्यासाठी आलेल्या माणसालाही ते परवडतं, पण ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

डेसाउला बॅटरीच्या दोन सायकली भाड्याने घेतल्या. इथे माझी चूक आणि दुकानदाराची चूक मिळून गोंधळ झाला. त्याने बॅटरी भरलेली आहे म्हणून सांगितलं, मी दांड्यावरचा आकडा न बघता निघाले. परतताना समोरून वारा, डेसाउ आठ किलोमीटरवर, आणि बाबांच्या सायकलची बॅटरी संपली. ती सायकल चालवायला म्हशीएवढी जड. आम्ही सायकली बदलल्या, मी धापा टाकत आले. तुम्ही आकडा बघून घ्या, आणि चार्जर मागून घ्या. बसने जायचं ठरवलं तर वेळापत्रकात फोनचं चित्र असलेली फेरी म्हणजे रूफबुस : आधी फोन करून सांगितलं तरच येते. शनिवार-रविवारी बहुतेक फेऱ्या अशाच. आणि रविवारी दुकानं बंद, वाटेत गावं लहान. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती म्हणून निभावलं.

डेसाउहून एल्बेच्या सायकलवाटेने क्युनाउच्या जंगलातून आकेनला यायला वीस किलोमीटरच्या आसपास. या टप्प्यावर घाई करू नका. इथले ओक लाइपझिगसारखे दाटीत नाहीत, कुरणात एकएकटे उभे आहेत, वडासारखे पसरलेले. एका वाळत चाललेल्या ओकच्या उन्हाकडच्या बाजूला सालीत बोट जाईल एवढी लांबट भोकं दिसली. बाबांनी करंगळी घालून पाहिली, पेरभर आत गेली. हे हेल्डबोक नावाच्या भुंगेऱ्याचं काम. पाच सेंटिमीटरपर्यंत लांब, मिशा त्याहून मोठ्या. त्याच्या अळ्या जिवंत ओकच्या आत तीन ते पाच वर्षं राहतात. तो दूर उडत जात नाही, एका म्हाताऱ्या झाडाला धरून पिढ्यान्‌पिढ्या काढतो. म्हणून झाड वाळायला लागलं की तोडून टाकणं म्हणजे त्याचं गाव उठवणं. इथे तशी झाडं उभी ठेवली आहेत, आणि जवळच जाळीत नवे ओक लावले आहेत. त्या दोघांत दोनशे वर्षांचं अंतर पडलंय, ते कसं भरायचं हाच इथल्या लोकांपुढचा खरा प्रश्न.

आकेनला नदीवर पलीकडे नेणारी एक नाव आहे, तिला इंजिन नाही. वरच्या बाजूला नदीत नांगरलेल्या लांब दोरखंडाला ती बांधलेली असते. नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी करतो आणि नदीच तिला पलीकडे ढकलते. पाणी फार कमी किंवा फार जास्त असेल तर बंद. आम्हाला पलीकडे काही काम नव्हतं, तरी बाबांनी दोनदा फेरी मारायला लावली.

तिथून लोडेरित्स पाऊण तास. १९७९ मध्ये पूर्व जर्मनी असताना युनेस्कोने हा भाग जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला. आता तो एल्बेकाठच्या मोठ्या राखीव पट्ट्याचा भाग आहे. एल्बेचा बीव्हर जवळपास संपला होता, दोनशेच्या आसपास उरले होते, ते याच भागात टिकले. कुरतडून पेन्सिलीसारखे टोकदार केलेले बुंधे जागोजाग दिसतात. पाण्याच्या काठाने उतरू नका, आतल्या भागात वाट सोडायला मनाई आहे.

या जंगलाच्या आणि नदीच्या मधे पूर्वी बांध होता. शेतं आणि गावं राखायला घातलेला, पण तो नदीला इतका चिकटून, की सगळं जंगल कोरड्या बाजूला राहिलं. २००१ पासून २०१८ पर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेने केंद्र आणि राज्याच्या पैशातून इथे जे केलं ते बघायला आम्ही आलो होतो. जंगलाच्या मागे, गावांच्या बाजूला सुमारे सात किलोमीटरचा नवा बांध घातला. तो पुरा झाल्यावर नदीकाठचा जुना बांध जागोजाग कापला. सुमारे ६०० हेक्टर जमीन नदीला परत मिळाली. आधी नवा, मग जुना कापायचा. मधे एकही पावसाळा गाव उघडं ठेवायचं नाही. तेही सोपं गेलं नाही. जून २०१३ मध्ये जवळच ब्राइटेनहागेनला बांध फुटून गावांत पाणी शिरलं होतं. अशा ठिकाणी माणसांना सांगायचं की आम्ही बांध कापणार आहोत, याला धीर लागतो.

जुन्या बांधाच्या एका खिंडीपाशी आम्ही सायकली टेकवल्या. दोन्हीकडे गवत चढलेले उतार, मधे मोकळी जागा, आणि तिच्यातून आत गेलेल्या पाण्याने जमिनीवर आखलेली उथळ वाट. आतले सगळे बुंधे एकाच उंचीपर्यंत राखाडी होते, सुतळीने आखल्यासारखे. २०२३ च्या डिसेंबरअखेर एल्बेला पूर आला होता, त्याची ती खूण. माझ्या गुडघ्याच्या चार बोटं वर. बाबांनी एका ओकच्या सालीच्या खाचेतून नखाने तो थर खरवडला, तळहातावर घेतला, थुंकी लावून अंगठ्याने मळला. मऊ, मेणासारखा, एकही खडा नाही.

"पोयटा," म्हणाले. "कृष्णेच्या मळीचा असतो तसाच." (मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन.)

मग तिथेच, कापलेल्या बांधाच्या उतारावर बसून दशम्या खाल्ल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत आलं. तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते, तरी रात्रभर फोनवर होते. त्या पुराविषयी ते फार बोलत नाहीत. इथे बसून म्हणाले, "एकतीस वर्षांत बांध घालायची, उंच करायची, लांबवायची टिपणं किती लिहिली त्याचा हिशेब नाही. बांध मागे घ्या असं टिपण एकदाही नाही लिहिलं. कुणी सुचवलंही नाही." थोड्या वेळाने, "आपल्याकडे मागे घ्यायला जंगल ठेवलंय कुठे. मळीत वीटभट्ट्या आणि घरं."

मी काही बोलले नाही. वाटेवर पाण्याने मेलेलं एक मेपल होतं, साल सुटून लोंबणारं. त्याच्या आणि खिंडीच्या मधल्या उघड्या जागेत, गेल्या हिवाळ्याच्या गाळातून, ओकची रोपं वर आली होती. ओळीत नाहीत, जाळी नाही, कुणी लावलेली नाहीत. बाबा उठून मोजायला लागले. सतरा. त्यातल्या तीन-चारांचे शेंडे हरणांनी खाल्ले होते, म्हणजे सगळी जगणार नाहीत. तरी सतरा.

जाण्याआधी एक काम नक्की करा : आकेनच्या पाणीपातळीचा आकडा इंटरनेटवर रोज मिळतो, तो पाहा. पाणी चढलेलं असेल तर जंगलातल्या वाटा बुडतात आणि खिंडीपाशी पोचता येत नाही; नव्या बांधावरून मात्र पाणी आत शिरलेलं बघायला मिळेल, आणि मला विचाराल तर तेच बघायला जा. गमबूट न्या. दुर्बीण न्या, लाल घार डोक्यावरून जाते. पाणी दोन लिटर, कारण वाटेत नळ सापडला नाही.

तो आकड्याचा दुवा मी बाबांच्या फोनवर टाकून दिला होता. आता सांगलीत सकाळी आयर्विनची पातळी बघून झाली की ते आकेनची बघतात. परवा सात वाजता फोन आला. इथे साडेतीन वाजले होते, मी झोपेत. "आकेन चढतंय गं," म्हणाले, "त्या सतराजणांच्या पायाशी पोचलं असेल."